सुईचा गजरा

माय, तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू आज असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यापुढं बसून वाचावं लागलं असतं, आणि तोंडानं हे सांगायची हिंमत माझ्यात एकोणीस वर्षांपूर्वी नव्हती, आजही नाही. म्हणून लिहिते. लॅबमधले जुने फॉर्म घरी आणलेत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. सांगायचं ते एवढंच आहे. त्या अष्टमीला संध्याकाळी मी तुझ्या हातात गजरा ठेवला, तू विचारलंस, "देवीच्या पायाचा हाय ना वं?" आणि मी म्हटलं, "हाव." तो देवीच्या पायाचा नव्हता. मी त्या दिवशी अमरावतीला गेलेच नव्हते. अकोल्याच्या बसस्टँडबाहेर एका बाईच्या टोपलीतून तो उचलला होता. एकोणीस वर्षं मी धरून चालले की हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. गेल्या मंगळवारी कळलं की तुला माहीत होतं. माहीत असून तू पुढं काय केलंस तेही कळलं. तेव्हापासून माझं कशातच चित्त नाही, आणि जिला विचारावं ती तू एकटीच होतीस.

नांदगाव पेठेच्या अलीकडचं आपलं एकरभर रान. आता तिथं दोन्ही अंगांनी कारखान्यांची कुंपणं आली आहेत, मध्ये आपला मोगरा होता हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही. बांधाला केळी, त्या केळीच्या खोडाच्या सोपटाचा तू धागा काढायचीस. सकाळी तू ओट्यावर बसलेली, पुढ्यात ओल्या पोत्यावर कळ्यांचा ढीग, आणि बाबा चहाचा कप तुझ्याजवळ ठेवून ओरडतायत, "थंडा होऊन राह्यला वं, पे ना!" बाजारच्या हाराचा दोरा तू पायाच्या अंगठ्याला अडकवायचीस, सगळ्याच फुलवाल्या अडकवतात. पण देवीची फुलं असली की दोरा भिंतीतल्या खिळ्याला. आणि सुई तर नाहीच नाही. आपली देवी मोठ्या देवळातली नाही, जुन्या वस्तीतल्या गल्लीतली, दोन खणांचं देऊळ. तिच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या साऱ्या बाया गजरे हातानंच बांधत, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये गाठ. सुईनं ओवलेली फुलं तिला चालत नाहीत, हा तिथला कायदाच. "फुलाले भोसकून देवीपुढं कायले ठेवायचं?" तू म्हणायचीस. "आपन आपल्या लेकराले टोचून पाहुन्यापुढं ठेवतो काय?" त्या बायांमध्ये तुझी जागा दुसऱ्या पायरीवर, आणि तुझ्या शेजारी नारळ-खणाची टोपली घेऊन बसणारी, जिला मी नारळमावशी म्हणायची. रोज एक गजरा तू पदराखाली बाजूला ठेवायचीस. जी बाई नुसतीच हात हलवत देवळात येईल तिच्यासाठी. तिला तो देताना तू तिच्या तोंडाकडे बघायची सुद्धा नाहीस, तिला लाज वाटू नये म्हणून.

मी नऊ वर्षांची असेन. नवरात्र होतं, गजरे खूप लागत होते, आणि मला बाहेर पोरींबरोबर भुलाबाईच्या गाण्यांना जायचं होतं. मी बाबांची गोधडी शिवायची सुई घेतली आणि भराभर ओवले. पंधरावीस तरी. बांधलेल्यांच्या खाली टोपलीत सारले. तू माझ्याकडे न बघता टोपलीत हात घातलास, एक गजरा दोन बोटांमधून ओढलास आणि थांबलीस. "हा कोनं केला?" मी म्हटलं, मीच, बांधूनच केला. तू वर पाह्यलं नाहीस. "बांधलेला असता तं गाठ बोटाले लागली असती. सुईच्या दोऱ्यावर कळी गरकन फिरते. फुलवालीच्या पोटी येऊन फुलवालीलेच फसवून राह्यली काय?" मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तो बसला असता तर बरं झालं असतं, बाप्पा. तू मला मारलं नाहीस. सगळे गजरे माझ्याकडून उसवून घेतलेस, कळ्या न दुखावता, आणि त्या दिवशी तू जेवली नाहीस. बाबांनी दोनदा ताट वाढलं. तू म्हणालीस, "चूक तिची असन, पन हात माह्या घरचा हाय." मला ते ताट अजून दिसतं. भाकर, वांग्याची भाजी, वर झाकलेलं दुसरं ताट. तेव्हा मी एवढंच शिकले की तुला फसवता येत नाही. चूक मी केली की उपाशी तू राहतेस, हे शिकायला पाहिजे होतं. ते मी शिकले नाही.

तुझा नवस याच्याही आधीचा. मला तो आठवत नाही, तू, बाबा आणि नारळमावशी यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेला आहे. मी सहा वर्षांची होते, मुदतीचा ताप, सरकारी दवाखान्यात चौदा दिवस. तोंडातून पाणी उतरत नव्हतं. पंधराव्या दिवशी तू दवाखान्यातून चालत देवीपुढं गेलीस, डोक्यातली शेवंतीची वेणी काढून पायरीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "हिले उठव. ही मोठी होऊन आपल्या पायावर उभी राह्यली का हिच्याच हातानं तुही ओटी भरीन. तुह्या पायाचा गजरा हीच आनीन अन् हीच माह्या केसात घालन. तवर मी फूल माळनार नाही." मी उठले. आणि त्या दिवसापासून अमरावतीची फुलवाली बिनफुलाची झाली. रोज शेदोनशे बायांच्या केसांत तुझ्या हातचा गजरा, आणि तुझा अंबाडा नुसता, तेल लावून घट्ट बांधलेला. गिऱ्हाईक थट्टा करायचं, "काय वं, सोताच्या मालावर भरोसा नाही काय?" सवाष्ण बाई असून केसात फूल घालत नाही म्हणून हळदीकुंकवाला दोघीतिघी कुजबुजायच्या. तू हसायचीस. "माह्या वाटचा येऊन राह्यला," म्हणायचीस, आणि माझ्याकडे बोट दाखवायचीस.

तुझ्या वाटचा मी किती वर्षं आणला नाही ते सांगू? तेविसाव्या वर्षी मला अकोल्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. माणूस आपल्या पायावर उभं राहतं ते आणखी कसं? त्याच वर्षी तू म्हणालीस, "ये मंग या नवरात्रात." मी म्हटलं, पुढच्या. पुढच्या वर्षी लग्न होतं. मग पोट होतं, मग पोरगी लहान होती. मग काहीच नव्हतं, तरी मी आले नाही. खरं सांगू का, मला राग यायचा. मी दिवसभर लोकांच्या शिरेत सुई घालायची, काचेवर तो मुदतीचा ताप बघायची, त्याला कोणतं औषध लागतं ते मला पाठ होतं. आणि इकडं तू देवीला सगळं श्रेय देऊन मोकळी. एकदा दिवाळीत तुझ्या चुलीपुढं बसून मी तोडूनच बोलले, "मला गोळ्यांनी उठवलं माय, सलाइननं उठवलं. देवी काय इंजेक्शन घेऊन आली होती काय?" तू करंज्या तळत होतीस. झारा तसाच धरून तू विचार केलास, आणि म्हणालीस, "तं मंग असं कर, ओटी दोन भर. एक देवीची, एक गोळीची. माह्याजवळ खण दोन हायत." बाबा हसून हसून खोकले. मलाही हसू आलं होतं, पण मी दाबलं. पंधरा वर्षं मी तुझ्या डोक्यावरची ती रिकामी जागा बघत राहिले. मला वाटायचं, हट्ट तुझा आहे, सोडायचा तर तू सोड. आता वाटतं, एक सकाळ मागत होतीस. अकोला ते अमरावती दोन तासांची एस.टी. मला तेवढं जड झालं.

मग तुझं हृदय थकलं. पायावर सूज, जिना चढलीस की धाप. भाद्रपदात मी तुला अकोल्याला घेऊन आले, लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. आमच्याकडचं बोअरचं पाणी तुला जाईना. "तुमच्या अकोल्याच्या पान्यातच मीठ हाय," म्हणायचीस, "आमच्या अमरावतीचं पानी कसं गोड!" घटस्थापना झाली आणि तू रोज एकच विचारायला लागलीस. "अष्टमीले जाशीन?" आता तुझ्याच्यानं जाववत नव्हतं, म्हणून सगळं माझ्यावर होतं. सप्तमीला तू पिशवीतून पितळेचा करंडा काढलास, लिंबाएवढा, मला नोकरी लागली तेव्हा माझ्यासाठी घेऊन ठेवलेला आणि पंधरा वर्षं न दिलेला. "यात देवीच्या पायाचं कुंकू आनजो. गजरा तठीच पायरीवरून घेजो, देवीच्या पायाले लावजो अन् पानात बांधून आनजो. अन् ओटी भरतानी काही मागू नको. म्या मागून घेतलं हाय." मी करंडा पर्समध्ये टाकला. त्या वेळी मला खरंच जायचं होतं, माय. हे तरी माझं ऐक. मी सुट्टी टाकली होती.

अष्टमीला सकाळी आठला मी बसस्टँडवर होते. नवरात्रातली गर्दी, अमरावतीची गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकत होते. एक सोडली, दुसरी सोडली. मी बाकावर बसले. महिनाभर तुझं दुखणं, लॅब, घर, पोरीची शाळा, माझे डोळे बसल्या जागी मिटायला लागले. तिसरी गाडी रिकामी आली. लिहिताना अजून लाज वाटते, रिकामी आली. मी चढले नाही. स्टेशनकडच्या अंगाला माझी एक मैत्रीण राहायची, लॅबमधलीच, तिच्याकडे गेले आणि तिला म्हटलं, मला झोपायला दे. तिनं पंखा लावून दिला. मी दुपारी तीनपर्यंत झोपले. काही अडचण नव्हती, कोणी अडवलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं. मला झोपायचं होतं. उठले तेव्हा जायची वेळ गेलेली. मैत्रिणीनं चहा दिला, मी तो प्याले सुद्धा. येताना बसस्टँडबाहेर टोपलीवालीकडून मोगऱ्याचा गजरा घेतला, किराणा दुकानातून कुंकवाची पुडी घेतली, ती तुझ्या करंड्यात रिकामी केली, आणि बोटानं थोडं कुंकू गजऱ्याला लावलं. केळीचं पान शोधून त्यात बांधला. बघ, एवढी अक्कल चालली. आणि गजरा बांधलेला आहे की ओवलेला, हे मात्र मी बघितलं नाही. फुलवालीची पोरगी. जन्म त्या ढिगात गेला आणि सुईचा गजरा घेऊन घरी आले.

तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस. नवं लुगडं नेसून. केस धुतले होतेस, माझ्या पोरीनं पाणी घातलं होतं. मी पान तुझ्या हातात दिलं. तू ते उघडलंस, गजरा कपाळाला लावलास, आणि मग दोन बोटांमध्ये धरून ओढलास. सवयीनं. फुलं घेतली की तुझी बोटं आपोआप तसं करायची. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता मी रोज तेवढंच बघते. बोटं अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. तू विचारलंस, "देवीच्या पायाचा हाय ना वं?" मी म्हटलं, "हाव." तू माझ्याकडे पाह्यलंस. लय वेळ नाही. मग म्हणालीस, "गर्दी असन." मी म्हटलं, "बम गर्दी होती." तू पाठ फिरवलीस, अंबाडा माझ्यासमोर केलास आणि म्हणालीस, "घाल मंग." बत्तीस वर्षांनी तुझ्या केसात फूल गेलं. माझी पोरगी आरसा घेऊन आली. तू आरशात बघून हसलीस, पोरीचा गालगुच्चा घेतलास. मला वाटलं, चला, सुटले.

दसरा झाला आणि तू हट्ट धरून घरी गेलीस. नंतर मी दर दोन दिवसांनी फोन करायची. एकदा बाबा म्हणाले, "तुही माय अळनी खाऊन राह्यली. सोताची भाजी येगळी काढते." मी तुला फोनवर घेतलं. "कावून वं माय? मीठ कावून सोडलं?" तू म्हणालीस, "डाक्टरनं सांगतलं." मी म्हटलं, बरं केलं, सुजेला चांगलंच आहे. वर तुला शाबासकी दिली! तू कधी खोटं बोलत नव्हतीस, म्हणून मी विचारलंही नाही की कोणत्या डॉक्टरनं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पौषात तू अंगणात पडलीस, बोलताना शब्द चुकायला लागले, बाबांना तू तुझ्या बापाच्या नावानं हाक मारलीस. दवाखान्यात रक्त काढलं. रिपोर्ट माझ्याच हातात दिला, लॅबवाली ना मी. सोडियम पार खाली, खुणेची लाल रेघ. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात मीठ घेतात का? बाबा म्हणाले, "डाक्टरनंच बंद केलं म्हने." डॉक्टर म्हणाले, "कोणी केलं? या गोळ्या चालू असताना एकदम बंद करायचं नसतं." बाबा माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हटलं, अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

बायांनी तुला नवं लुगडं नेसवलं. मळवट भरायला कुंकू पाहिजे होतं, तर तुझ्या उशाशी तो करंडा सापडला. शेजारच्या एका बाईनं तो वर धरून सगळ्यांना दाखवला, "देवीच्या पायाचं कुंकू हाय बायांनो, पोरीनं आनलेलं." किराणा दुकानातलं कुंकू, माय. त्याचा मळवट घेऊन तू गेलीस. केसात फुलं घातली, हातानं बांधलेली, आपल्या पायरीवरची. बाया म्हणत होत्या, भाग्याची, नवस फेडून गेली, सवाष्ण गेली, लेकीनं आपल्या हातानं देवीची ओटी भरली. एकजण माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "लेक असावी तं अशी." मी मान खाली घालून उभी होते. त्यांना वाटलं, रडून राह्यली.

गेल्या मंगळवारी मामाच्या नातीच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. मुहूर्ताला वेळ होता. पाय त्या गल्लीत कसे वळले ते माहीत नाही, एकोणीस वर्षांत वळले नव्हते. नारळमावशी अजून बसते. डोळ्यांनी दिसत नाही, सून सगळं बघते, ही नुसती टोपलीजवळ बसते. आवाजावरून ओळखलं मला. जवळ बसवून घेतलं आणि आपल्याच तालात बोलायला लागली. "तुही माय शेवटची आल्ती ना, दसऱ्यानंतर, तठंच बसली होती तू बसली तठं. आटोनं आली, धाप लागून राह्यली होती. रुमालात वाळला गजरा. म्या म्हनलं, काय वं, फिटला वाटते नवस! तं हसली. म्हने, कायचा फिटते, पोरगी लय थकली हाय, तिले अठी येनं झालं नाही. सुईचा घेऊन आली. म्या म्हनलं, मंग तुनं घातला कायले? फेकून द्याचा! तं म्हने, तिनं माह्यापुढं धरला तं तिचा हात थरथरत होता. तो हात मी खाली कसा पाडू?"

मावशी टोपलीतले नारळ चाचपत होती. "मंग देवीपुढं गेली. आत नाही गेली, उंबऱ्यावरच. सुईचं फूल आत कसं न्याव? उंबऱ्याबाहेर ठेवलं अन् म्हने, नवस म्या मोडला, फूल म्या माळलं, पोरीनं नाही. तिच्या वाटचं काही असन तं माह्यावर घे, तिच्या लेकराबाळावर नको जाऊ. अन् मीठ सोडलं. चैताच्या नवरात्रापर्यंत. म्या म्हनलं, अवं तुह्या जीवाले झेपते काय? म्हने, मीठच तं हाय." मग तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "तुले तं माहीतच असन हे?" मी म्हटलं, "हाव."

बघ, तिथंही हाव. तिच्या आंधळ्या डोळ्यांसमोरही मला खरं बोलता आलं नाही. मी खाडकन उठले, तिनं माझ्या ओटीत नारळ आणि खण घातला. "जाय, आलीच हायस तं ओटी भरून ये." मी उंबऱ्यापर्यंत गेले, जिथं तू उभी राहिली असशील तिथपर्यंत, आणि परत फिरले. ओटी कुणासाठी भरू? गजरा आणला तर घालू कुठं, तो अंबाडा कुठाय? लग्नात अक्षता टाकल्या, जेवले, अकोल्याची गाडी धरली. तो नारळ अजून ओट्यावर आहे. हलवला तर आतलं पाणी वाजतं.

माय, मला तुझा राग येतो. इतका येतो की भांडी आपटते. तू त्या दिवशी म्हणाली का नाहीस, हा सुईचा आहे म्हणून? नऊ वर्षांची असताना म्हणालीस, अडतिसाव्या वर्षी का नाही? माझ्या तोंडावर फेकायचास! दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं अमरावतीची गाडी धरली असती. देवीपुढं खरं बोललीस, नारळवालीपुढं बोललीस, आणि माझ्यासमोर डॉक्टरचं नाव पुढं केलंस. मला झाकायला गेलीस आणि मला हे देऊन गेलीस. मी लॅबवाली आहे, मला माहीत आहे की त्या गोळ्या आणि ते अळणी जेवण यानं रक्तातलं मीठ कसं उतरतं, माणूस कसा भ्रमतो, कसा पडतो. आणि मला हेही माहीत आहे की तुझं हृदय तसंही फार दिवस चाललं नसतं. या दोन्हींच्या मध्ये मी उभी आहे आणि मला कोणी सांगू शकत नाही की मी तुला मारलं की नाही. डॉक्टर नाही, कारण त्यांनी अर्धंच ऐकलं होतं. बाबा गेले. देवी म्हणशील तर माझा तिच्यावर तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. तुझा होता. तरी तू ज्या देवीला बत्तीस वर्षं जपलंस तिला दिलेला शब्द माझ्या थरथरत्या हातासाठी मोडलास. माझी तेवढी किंमत नव्हती. हे मी विनयानं म्हणत नाही, हिशोबानं म्हणते. दुपारभर झोपलेल्या पोरीची तेवढी किंमत नसते.

बुधवारपासून मी मीठ सोडलं. देवीसाठी नाही. कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. चैत्रापर्यंत, तुझं अर्धं राहिलं होतं तेवढं तरी, असं मनात धरलं. भाजी वेगळी काढली तेव्हा पोरीनं विचारलं, "आई, हे काय, अळणी कशाला?" ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला आरसा आठवतो, तू त्यात बघून हसलेली आठवते, आणि तेवढंच आठवतं. मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलं." तोंडातून आपोआप गेलं. ती म्हणाली, बरं केलंस, तुझं बीपी वाढलंच होतं.

शुक्रवारी लॅबमध्ये गर्दी होती. बाजूच्या पोरीनं डबा पुढं केला, भाकर आणि मिरचीचा ठेचा, आपल्याकडचा, तेल सोडलेला. मला खूप भूक लागली होती. मी दीड भाकर खाल्ली, बोटं चाटली, पाणी प्याले, आणि हात धुताना आठवलं. तू तीन महिने काढलेस, माय, मरेपर्यंत. माझे दोन दिवस झाले, आणि ठेचा चांगला झाला होता.